तणसेतली बॅटरी

आमच्या घरी जीप आली तेव्हा घरातल्या पुरुषांना तिच्यातलं सगळं कळतं असं सगळे धरून चालले, आणि मला काही कळत नाही असंही. दोन्ही गोष्टी तपासून पाहायची कोणाला गरज वाटली नाही.

पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव. यजमानांचा बांबूतोडीचा ठेका होता. लढाईनंतर लिलावात निघालेली ही जीप त्यांनी चांद्याहून आणली आणि गावातल्याच एका मासे धरणाऱ्या ढीवर माणसाला ड्रायव्हर म्हणून ठेवलं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. लढाईच्या दिवसांत त्याने कुठल्याशा छावणीत ट्रक चालवला होता. आमच्याकडे येताना त्याने गावच्या तलावातला मासेमारीचा वाटा चुलतभावाला देऊन टाकला. वाटे पावसाळ्यानंतर एकदाच ठरतात. म्हणजे मधेच गाडी सुटली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याचं जाळं पाण्यात पडणार नव्हतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आमच्या भाऊजींनाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. नागपूरला दोन वर्षं शिकून, परीक्षा न देता परत आलेले. मोटारीच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा, कारण तो सगळ्यांत मोठ्या आवाजात असे.

दिवाळीनंतर जीपला एक खोड लागली. दिवसभर नीट चालायची, रात्रभर उभी राहिली की सकाळी मेलेली. सेल्फचं बटण दाबलं की आतून नुसतं कण्हणं ऐकू यायचं, तेवढंच. यावर पुरुषांनी काय उपाय काढावा? गावच्या तलावाची पाळ उंच आहे. संध्याकाळी जीप पाळीवर चढवायची, चाकाखाली दगड लावायचा, सकाळी दगड काढून उताराला सोडायची. खाली येता येता गिअर टाकला की इंजिन लागायचं. महिनाभर असं केल्यावर घरात कोणी गाडी बिघडली आहे असं म्हणेनासं झालं. पाळीला खड्डे पडले, जाळी वाळत घालणाऱ्या बायका शिव्या देऊ लागल्या, पण गाडी ठीक होती.

मग एकदा वनखात्याचे साहेब सकाळी आमच्या अंगणात आले. त्यांना घेऊन मोहर्लीकडे जायचं होतं आणि जीप पाळीवर नव्हती. तिला ढकलण्यात साहेबांनाही हात लावावा लागला. त्या दिवशी यजमानांना खोड दिसली.

बॅटरी चांद्याला पाठवली. तिकडच्या माणसाने ती भरून दिली आणि चांगली आहे म्हणून सांगितलं. आमच्याकडे दोन दिवसांत पुन्हा तेच. तेव्हा भाऊजींनी निदान केलं, की बॅटरीला थंडी लागते.

"वहिनी, हसू नका," ते मला म्हणाले. "आतलं ॲसिड गारठतं. जंगलातली थंडी आहे ही."

"आंबे पिकवायला घालतात तशी तणसेत घाला मग," मी म्हणाले.

मी टोमणा मारला होता. त्यांनी तो सल्ला म्हणून घेतला. त्याच संध्याकाळी बॅटरी काढून घरात आणली, कोठीच्या कोपऱ्यात धानाच्या तणसेत, म्हणजे पेंढ्यात पुरली, वरून पोतं टाकलं. सकाळी बसवली आणि बटण दाबताच जीप सुरू झाली! दुसऱ्या दिवशीही झाली. भाऊजी गावभर सांगत सुटले. शेजारच्या गावचे एक ठेकेदार मुद्दाम बघायला आले आणि तणस नव्या धानाची की जुन्या, असं गंभीरपणे विचारून गेले. आमचे यजमान त्यांच्याशी त्यावर अर्धा तास बोलले. मी तिथेच धान पाखडत होते, म्हणून सांगते.

तिसऱ्या दिवशी रोज काढायचा-घालायचा कंटाळा आला. भाऊजींनी बॅटरी जागेवरच ठेवून तिच्याभोवती तणस कोंबली. गरम इंजिनाच्या शेजारी वाळकी तणस! गाडी पेटली नाही हे आमचं नशीब. सकाळी मात्र ती मेलेली होती.

आता दोष कोणाचा? तणसेचा तर नाही. भाऊजींचा नाहीच.

"यानेच ओली तणस आणली असेल. नाहीतर रात्री दिवे चालू ठेवतो," भाऊजी ड्रायव्हरकडे बोट करून म्हणाले.

ड्रायव्हर यजमानांकडे पाहून म्हणाला, "मालक, दिवे मी सोता पाहून बंद करतो. पण तो काटा पाहा ना एकडाव. गाडी बंद केली का काटा डाव्या बाजूले पडते. सकाळी पाह्यलं त मधात येऊन राह्यते."

जीपच्या समोरच्या पट्टीवर आमीटर असतो. बॅटरीत वीज जात असली की काटा उजवीकडे, बॅटरीतून निघून जात असली की डावीकडे, दोन्ही नसलं की मधे. इतकं सोपं यंत्र पाहून भाऊजी म्हणाले, "आमीटर खराब आहे. गाडी बंद असताना काटा हललाच नाही पाहिजे."

काटा हलायला नको होता आणि हलत होता. यावरून काटा खोटा, असा हा हिशेब.

यजमानांनी अडकित्ता काढला. ते अशा वेळी सुपारी कातरतात. संध्याकाळी मला कळलं, की शनिवारच्या बाजाराला चांद्याहून नवा ड्रायव्हर येणार आहे, भाऊजींच्या ओळखीचा. त्या दिवशी गुरुवार होता.

माझे वडील रेल्वेच्या एका लहानशा स्टेशनावर तारबाबू होते. तारेच्या यंत्रासाठी काचेच्या बरण्यांची बॅटरी असे आणि तिची निगा आईकडे आणि माझ्याकडे. त्यामुळे बॅटरीला हुडहुडी भरते हे मला कोणी पटवू शकलं नसतं. मला दिसत होतं ते एवढंच: बॅटरी घरात असली की टिकते, गाडीत असली की मरते. घरात तिला तणस होती, हे खरं. पण नंतर गाडीतही तणस होती, आणि तरी मेली. मग दोन्हींत फरक कशाचा? घरात तिला वायर जोडलेली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी जीप आली तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, आज पाळीवर नेऊ नका. इथेच अंगणात राहू द्या. आणि बॅटरीची एक वायर सोडवा. तणस काढून टाका."

"सकाळी ढकलाले लोक लागतीन, बाई."

"नाही लागणार."

त्याने पाना हातात घेतला. मग म्हणाला, "मले त उद्या जावंच लागते. वायर सोडवून का होईन?"

"सोडवा तर खरी. जायचं की नाही ते उद्या पाहू."

त्याने सोडवली. त्या रात्री थंडी कडक होती. सकाळी इंजिनाच्या पत्र्यावर दव होतं. यजमान आणि भाऊजी चहा घेत ओसरीवर बसले होते. मी दोघांना अंगणात बोलावलं. भाऊजी हसत आले.

सगळे दिवे बंद, चावी बंद, हे मी भाऊजींनाच तपासायला लावलं. मग ड्रायव्हरला वायर बॅटरीच्या खुंटीला टेकवायला सांगितली. चट्टदिशी जाड ठिणगी उडाली.

"अरे!" यजमान म्हणाले. महिन्याभरातला त्यांचा या विषयावरचा पहिला उपयोगी शब्द.

"सगळं बंद आहे ना? मग ठिणगी कशाची?" मी विचारलं. "वीज कोणीतरी पितंय. वायर घट्ट करा भाऊ, आणि सगळे चहा संपवा."

अर्ध्या तासाने मी भाऊजींना इंजिनावर हात ठेवायला लावला. थंडगार, ओलं. मग डायनामोवर, म्हणजे इंजिनाच्या कडेला पट्ट्याने फिरतो आणि वीज तयार करतो त्या नळकांड्यावर. त्यांनी हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"काय झालं?" यजमानांनी विचारलं.

"कोमट आहे," भाऊजी म्हणाले.

"कालपासून फिरला नाही, तरी कोमट. डायनामोने बॅटरी भरायची. इथे बॅटरीच रात्रभर डायनामो शेकत बसते. मधली वाट बंद करायला काहीतरी असतं ना?"

ते असतं. त्याला कटआऊट म्हणतात, लहानशा डबीत असतं. इंजिन चालू असलं की त्यातली पट्टी चिकटते आणि वाट उघडते, इंजिन थांबलं की सुटते आणि वाट बंद होते. ही डबी कोणी उघडायची नाही अशी भाऊजींची ताकीद होती, ड्रायव्हरला तर खासच.

"ती डबी उघडा," मी म्हणाले.

"तिच्यात काही नाही, वहिनी. दिवाळीत मी स्वतः पाहिलीय."

"मग पुन्हा पाहा."

ड्रायव्हरला मी सीटवर बसवलं, काट्यावर नजर ठेवायला. भाऊजींनी दोन स्क्रू काढले. डबीत, त्या हलणाऱ्या पट्टीवर, बांबूची एक सुबक पाचर बसवलेली होती. आमच्याच कुपातला, म्हणजे तोडीच्या पट्ट्यातला बांबू, छान तासलेला.

"ती पट्टी सारखी सुटायची," भाऊजी म्हणाले. "मला वाटलं, ढिली झालीय. म्हणून पक्की केली. तात्पुरती."

मी पाचर उपटली. टक् करून पट्टी वर उडाली.

"मधात आला, बाई," सीटवरून ड्रायव्हर म्हणाला. "काटा मधात आला."

त्याला बटण दाबायला सांगितलं. सपाट अंगणात, कोणी न ढकलता, जीप सुरू झाली. मी ती बंद करायला लावली, थोडं थांबून काटा पुन्हा पाहायला लावला. मधेच होता.

यानंतर पुरुषांनी जे केलं ते त्यांना शोभणारंच होतं. भाऊजी म्हणाले, की तणसेमुळेच बॅटरीत एवढा दम राहिला. यजमानांनी खिशातून सुपारी काढली, मग परत ठेवली, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला भाऊ, डेपोवर जायचं आहे. उशीर झाला." जणू शनिवार नव्हताच. बाजारात उतरणाऱ्या नव्या माणसाला निरोप कोण देणार, हेही कोणी बोललं नाही.

ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटलं, आता हा चालू लागतो, आणि त्याने तसं केलं असतं तर मी त्याला थांबवलं नसतं. पण तो भाऊजींसमोर जाऊन उभा राहिला.

"लहान मालक, आमीटर खराब हाये का चांगला?"

"आता काय त्याचं?"

"सांगा ना. खराब असन त बदलाव लागन."

भाऊजींनी यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी, प्रथमच, त्यांच्याकडे पाहिलं नाही. अंगणाच्या कुंपणापाशी जाळी घेऊन निघालेल्या दोघी-तिघी बायका थांबल्या होत्या.

"चांगला आहे," भाऊजी म्हणाले.

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मंग बसा, मालक," ड्रायव्हर यजमानांना म्हणाला. "आन् आजपासून गाडी पाळीवर नाई ठेवत मी. पाळ फुटून राह्यली."

पाचर मी चुलीत टाकली. बांबू वाळलेला होता, चांगला पेटला.