कानबाईची मूठ आणि हिंगाची डबी

मुलाला गहू चालणार नाही असं कळलं, तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकानं मला एकच दिलासा दिला, "तुमचं काय, तुम्ही खानदेशी, भाकरीवाली माणसं." ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं. जणू देवानं आमची जात-पात, ताट-वाटी बघूनच दुखणं वाटून दिलं होतं. त्याचं वजन वाढत नव्हतं, पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, आणि वर्गात तो सगळ्यात बुटका. डॉक्टर म्हणाले, गव्हात ग्लूटेन म्हणून असतं, ते याच्या आतड्याला सोसत नाही. चिमूटभरही नाही, जन्मभर नाही.

चिमूटभर या शब्दाचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. इथे गुजराती मुलखात, गोडादऱ्यात, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच पिठाची चक्की आहे. तिथे सगळ्यांचे गहू दळतात आणि मागाहून आमची ज्वारी. म्हणून घरघंटी आणली. मी घरी बसून साड्यांना लेस लावते, नवरा लूमवर जातो, घरघंटी हौसेनं घ्यावी अशी आमची ऐपत नाही. पोळपाट वेगळा केला, तवा वेगळा, त्याचा डबा वेगळ्या फळीवर. सासूबाई सगळं मुकाट बघत होत्या. त्या बोलणार हे मला ठाऊक होतं, आणि कधी बोलणार हेही ठाऊक होतं.

श्रावणात आमच्याकडे आमची देवी कानबाई बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गव्हाची मूठ मोजतात. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मूठ पडते. त्या गव्हाचे रोट घरच्यांनीच खायचे, संपेपर्यंत खायचे, बाहेरच्याला घासही द्यायचा नाही. त्या वर्षी मी सासूबाईंना म्हटलं की याची मूठ टाकू नका, त्याला तो रोट खाता येणार नाही.

"मूठ नही टाकानी म्हंजे काय?" त्यांचे डोळे भरून आले. "तो घरमा नही शे का?"

त्यांचं चुकत नव्हतं. मूठ गाळतात ती गेलेल्या माणसाची. भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली, एका चुलत दिरानं तर सुनावलं की देवीच्या कामात डॉक्टरचं काय काम. संध्याकाळी सासूबाई उठल्या, त्यांनी ज्वारीच्या डब्यात हात घातला आणि त्याच्या नावाची मूठ ज्वारीची काढून वेगळ्या वाटीत ठेवली. दीर काही बोलणार तोच त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "कानबाई माय शे. लेकरूले जहर देस का माय?" कानबाईपुढे सगळ्या रोटांच्या शेजारी एक ज्वारीचा रोट ठेवला गेला. मी त्या बाईच्या पाया पडले, आणि ते रीत म्हणून पडले नाही.

मला वाटलं, आता जिंकलो. जिथे सगळ्यात जास्त भीती होती तिथेच वाट मिळाली होती.

पुढच्या तपासणीत रक्ताचा रिपोर्ट पुन्हा वाईट आला. डॉक्टर म्हणाले, काहीतरी पोटात जातंय. मी म्हटलं, साहेब, शक्यच नाही. दवाखान्याच्या बाकावर हेच दुखणं असलेल्या एका मुलीची आई बसली होती, तिनं विचारलं, "वरणात हिंग घालता का?" बाजारातला हिंग नुसता हिंग नसतो, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, असं ती म्हणाली. घरी येऊन डबी फिरवून फिरवून पाहिली. पुढे देवाचं चित्र, मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत 'एडिबल स्टार्च'. कशाचा स्टार्च, ते नाही. रोज मी स्वतःच्या हातानं त्याच्या वरणाला ती फोडणी दिली होती.

डबी घेऊन दुकानात गेले. गुजराती दुकानदार हसला. "बेन, हिंगमां घऊं क्यांथी आवे?" त्याच्या हसण्यात खोट नव्हती. हिंगात गहू असतो हे त्यालाही माहीत नव्हतं.

मग मी पेटले. डबीवरच्या नंबरावर पुन्हा पुन्हा फोन केला. तिथली मुलगी दर वेळी गोड आवाजात म्हणायची की तुमची सूचना पुढे पाठवली आहे. मी अन्नखात्याला अर्ज लिहिला: पाकिटावर गहू असेल तर 'यात गहू आहे' असं ठळक, आपल्या भाषेत लिहायची सक्ती करा, आणि ती पाळली जाते का ते बघा. सोसायटीत सह्या घेत फिरले. सह्या सगळ्यांनी दिल्या, आमच्याकडे सहीला कोणी नाही म्हणत नाही. एकीनं सही करता करता विचारलं, "हे ग्लूटेन म्हणजे हिरोइनी बारीक व्हायला सोडतात तेच ना?" मी तिच्यावर ओरडले. नंतर वाईट वाटलं, तिनं तर सही केली होती.

सरकारी कचेरीत मुलाला सोबत नेलं, म्हटलं साहेबांनी डोळ्यांनी बघावं. साहेब चांगले होते. म्हणाले, लिहायचा नियम आहेच, पण छोटे छोटे पॅकिंगवाले गल्लीगल्लीत बसलेत, कोणाकोणाला धरणार? नमुना तपासावा लागेल, वेळ लागेल. बोलता बोलता त्यांनी चहाबरोबर आलेली बिस्किटांची ताटली माझ्या मुलापुढे सरकवली. "घे बेटा." अर्ज त्यांच्या हाताखाली उघडाच होता. मुलानं हात मागे घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला कळलं की इथून काही होणार नाही. राग यायला हवा होता, पण नुसता थकवा आला.

पुढे त्या हिंगाची नवी डबी आली. देवाचं चित्र मोठं झालं होतं. मागची अक्षरं तीच. आमच्या देवीनं एका लेकरासाठी आपला रिवाज वाकवला, आणि या माणसांना एक ओळ छापवत नाही.

हिंग आता घरात नाही. पण हिंग म्हणजे एकच वस्तू झाली. मसाला आहे, सॉस आहे, फरसाण आहे, चिंचेची गोळी आहे. दर पाकिटासाठी फोन करून विचारायचं मी हळूहळू सोडलं.

परवा त्याच्या मित्राच्या वाढदिवसाला मक्याच्या कुरकुरीत काड्यांचं एक पाकीट मिळालं. न फोडता घरी आणून त्यानं मागून-पुढून वाचलं आणि मला दिलं. मीही वाचलं. 'मसाला' एवढंच होतं. तो समजूतदारपणे म्हणाला, "मम्मी, मी दोनच खाऊन बघू? पोटात दुखलं तर गहू आहे, नाही दुखलं तर नाही. मग तुला फोन करायला नको."

तो मला मदत करत होता. मी त्याला जवळ घेतलं आणि इतके दिवस टाळलेलं सांगून टाकलं, की कधी कधी पोटात दुखत नाही, तरी आत आतडं झिजतच असतं.

त्यानं पाकीट खाली ठेवलं.

"मग कळणार कसं?"

मला माहीत नाही, असं मी त्याला सांगितलं.