फक्त हयात व्यक्तींचीच चित्रं

आमच्या भागात भिंतीवर मोठा फोटो लागायचा असेल तर माणसाला आधी मरावं लागतं. लग्नाचे फोटो ट्रंकेत, शाळेचे दप्तरात, आणि भिंत गेलेल्यांची. हे आधीच सांगून टाकते, कारण शिरूरला व्यंगचित्रकारांचं मोठं संमेलन भरलं तेव्हा एवढी साधी गोष्ट बाहेरून आलेल्या त्या चित्रकारांना कुणी सांगितली नव्हती. पुढं जो गोंधळ झाला त्यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दौंडला राहायचो आणि मी न्हावऱ्याच्या शाळेत शिक्षिका होते. रोज एसटीनं चौफुल्यावरून जायचे-यायचे, त्यामुळं गर्दीत कोपर कसं मारायचं हे मला बीएडपेक्षा चांगलं येत होतं. माझे वडील, आबा, रेल्वेत गँगमन. सगळा जन्म रुळाच्या कडेनं चालण्यात गेला. रिटायर झाल्यावर मिळालेलं घड्याळ नवं असतानाच ते गेले.

वर्षाचं पुण्यानुमोदन जवळ आलं तसा आईनं एकच धोशा लावला, "ह्यांचा फोटू पायजे." बुद्धमूर्तीशेजारी फोटो ठेवायचा, त्याला हार घालायचा, मग वंदना. फोटो नसेल तर लोकांनी हात कुणाला जोडायचे? तिचं म्हणणं चूक नव्हतं. पण आबांनी जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. होता तो एकच, रेल्वेच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा, आणि साहेबानं गोल शिक्का मारलेला तो बरोबर नाकावर.

तो घेऊन दौंडच्या एका स्टुडिओत गेलो. फोटोवाला म्हणाला, "काही काळजी करू नका मॅडम, मोठा करून शिक्का काढून टाकतो." त्यानं शिक्का काढला, सोबत सुरकुत्या काढल्या, वर्ण उजळला, आणि स्वतःच्या मनानं कोट-टाय चढवला. आईनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "ह्यो कोण सायेब?"

"मावशी, काय चुकलं ते सांगा, दुरुस्त करतो."

"ते सांगता येईना. पर चुकलंय. परक्या माणसाला मी हार घालायची न्हाई."

त्यानं कोट काढून पाहिला, मिशी वाढवून पाहिली. शेवटी आम्हाला पायरी चढताना बघितलं की तो मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायला लागला. माझंही डोकं फिरलं होतं. मी आईला म्हटलं, "अगं, लोक फोटो बघायला येतात का? जेवायला येतात." ती भाकरी थापत राहिली. आमच्या आईचा अबोला म्हणजे भाकरी जरा जोरात थापली जाते, एवढंच. पण तो आवाज मला शाळेतसुद्धा ऐकू यायचा.

अशात शिरूरच्या एका पुढाऱ्याची एकसष्टी आली. एरवी अशा वेळी कुस्त्या ठेवतात. पण या पुढाऱ्याचा जावई पुण्यात शिकलेला, त्याला कलेची आवड, आणि सासऱ्याला जावयाची भीती. म्हणून राज्यभरातल्या व्यंगचित्रकारांचं संमेलन ठरलं. एसटी स्टँडवर, पिठाच्या गिरणीवर, सलूनच्या दारावर बोर्ड लागले: नामवंत चित्रकार तुमचं चित्र जागेवर काढून देतील, प्रवेश पासवरच. मी मूर्खासारखी घरी येऊन हे बोलले.

आईचे हात थांबले. "जागेवर?"

"अगं, ती माणसं चेष्टेची चित्रं काढतात. नाक एवढं काढतात, पोट तेवढं काढतात."

"काढू दे की. चित्रकार हाय म्हंजी हात बसलेला आसंल. मी समोर बसून सांगीन त्यास्नी."

आता पास. पास फुकट होते आणि म्हणूनच मिळत नव्हते. विकत मिळणारी वस्तू कुणीही आणतो, फुकटच्या वस्तूला वशिला लागतो. पासांचे गठ्ठे आधी सोसायटीला गेले, मग दूध डेअरीला, मग तालमीला. उरले तर आमच्या वस्तीला, आणि उरल्याचं आजवर कधी कानावर आलेलं नाही. आमच्या हेडमास्तरांच्या खिशात गठ्ठा दिसत होता, पण ते म्हणाले, "बाई, ते नातेवाइकांचं हाय हो." त्यांचे नातेवाईक दोन तालुक्यांत पसरले होते. शेवटी डेअरीच्या सेक्रेटरीला गाठलं. तो दूध घालायला येणाऱ्याला कॅनमागं एक पास देत होता.

"बाई, तुमच्याकडं म्हस हाय का?"

"नाही. पण तुमचा मुलगा माझ्या वर्गात आहे."

तो हसला. दोन पास दिले आणि म्हणाला, "त्याच्या गणिताकडं बघा जरा." बघत तर मी रोजच होते, मुलगाच माझ्याकडं बघत नव्हता.

संमेलनाच्या दिवशी दौंडच्या स्टँडवर शिरूर गाडी लागली आणि माणसं तिच्यावर तुटून पडली. आमच्याकडं एसटीची सीट दारातून मिळत नाही, खिडकीतून मिळते. आधी रुमाल, टोपी, टॉवेल, काही तरी आत टाकायचं आणि मग निवांत दाराशी भांडायचं. आईनं सवयीनं हातातली पिशवीच टाकली. टाकल्यावर तिच्या ध्यानात आलं की ओळखपत्र त्याच पिशवीत आहे. तिचा चेहरा असा उतरला की मी दारातल्या चार पुरुषांना बाजूला सारून आत घुसले. ते काय म्हणाले ते इथं लिहीत नाही, मी काय म्हणाले तेही नाही.

सीटवर एक गृहस्थ आमची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. "व्हय, तुमचीच पिशवी. बसा मावशी," म्हणत ते उठलेच. एसटीत माणूस आपण होऊन उठतो म्हणजे कायतरी बिनसलेलं असतं, म्हणून मी त्यांच्याकडं नीट बघितलं. त्यांच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम होती. "वडील हायेत," ते म्हणाले. कासुर्डीहून सकाळीच ते दौंडला येऊन गाडीला बसले होते, चौफुल्याला चढलं तर जागा मिळणार नाही म्हणून. मग मी मागं बघितलं. निम्म्या गाडीच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं कुणी ना कुणी होतं. चौफुल्याला आणखी चढले. कंडक्टर वैतागून म्हणाला, "तिकीट जित्यांचंच काढा बाबांनो, पर जरा सरकून घ्या."

मांडवाच्या दाराशी कळलं की पास सगळ्या तालुक्याकडं आहेत. छातीला बिल्ले लावलेली पोरं पास बघतच नव्हती, माणूस बघत होती. पांढरे कपडे दिसले की आत. आम्ही रेटारेटीत आत गेलो, म्हणजे गेलो नाही, नेले गेलो. आईची एक चप्पल बाहेरच राहिली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, पिशवी हाय."

पुढं सोफे, त्यामागं खुर्च्या, त्यामागं आम्ही. मग सत्कार सुरू झाले. पुढाऱ्याचा सत्कार, पुढाऱ्याच्या हस्ते चित्रकारांचा सत्कार, चित्रकारांच्या हस्ते सोफ्यावरच्यांचा सत्कार, राहिलेल्यांची नाराजी आणि मग त्यांचा सत्कार. मग सगळ्या चित्रकारांना पुढाऱ्याचं चित्र काढायला बसवलं. व्यंग शोधण्यात जन्म घातलेली ती माणसं, पण एकाच्याही चित्रात पुढाऱ्याला पोट नव्हतं. जावई शेजारीच उभा होता.

ऊन डोक्यावर आल्यावर चित्रकारांना टेबलं दिली आणि माईकवरून सांगितलं, "आता रसिकांनी रांगेत यावं." रसिक टॉवेल सोडत रांगेत आले.

पहिला होता भांडगावचा एक बागायतदार. त्यानं वडिलांचा फोटो टेबलावर ठेवला, फेटेवाला, झुबकेदार मिशांचा. चित्रकार तरुण होता, खूश झाला. त्यानं दोन मिनिटांत मिशा कागदाच्या दोन्ही कडांपर्यंत नेल्या, फेट्यावर एक कावळा बसवला आणि मोठ्या कौतुकानं कागद पुढं केला. बागायतदारानं कागद उजेडात धरला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "माझ्या बापावर कावळा बसिवला?"

दहाव्याला कावळ्याची वाट बघणारी माणसं ही. त्या पोराला काय माहीत. बागायतदारानं त्याची कॉलर धरली, मागचे पुढं आले, टेबल कलंडलं, शाई सांडली, कुणाची तरी आजी फ्रेमसकट खाली पडली. बिल्लेवाले धावले. जावयानं स्वतः माईक घेतला आणि घाम पुसत जाहीर केलं, "कृपया लक्ष द्या. फक्त हयात व्यक्तींचीच चित्रं काढली जातील. मयत व्यक्तींना आणू नये."

रांगेत कुरकुर सुरू झाली. एक आप्पा म्हणाले, "जित्या मानसाचं चित्तर कशाला? ते तर रोज समूर हायच की." जावयानं माईक बिल्लेवाल्याच्या हातात दिला.

बरीच माणसं फ्रेमा गुंडाळून परत फिरली. मी आईचा हात धरला, "चल." तिनं हात सोडवून घेतला. पुण्यानुमोदन पुढच्या आठवड्यात होतं. दुसरा चित्रकार कुठून आणायचा होता तिनं? ती रांगेतच उभी राहिली, एका पायात चप्पल घालून. मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचाच राग येत होता.

आमच्या टेबलाला एक वयस्कर, वाळलेला चित्रकार होता. त्यानं ओळखपत्र बघितलं, मग आईकडं. "मावशी, ऐकलं ना, हयातच."

"मी हाय की हयात. मी सांगते, तुमी काडा."

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि कागद ओढला. "सांगा. डोळे कसे होते?"

आई गप्प. "नाक?" आई गप्प. मागून लोक ओरडायला लागले. मग मीच सुरुवात केली. डोळे असे, कपाळ रुंद, हनुवटी अशी. मी सांगत गेले, तो काढत गेला. झाल्यावर आईनं बघितलं आणि म्हणाली, "ही तर तूच हायेस गं, मिशा लावल्याली." चित्रकाराला हसू फुटलं. खरंच मीच होते.

माझा तोल गेला. "मग तू सांग की! एवढा संसार केलास, नवऱ्याचं तोंड सांगता येत नाही तुला?"

तिनं पदर नीट केला. मग माझ्याकडं न बघता चित्रकाराला सांगितलं, "न्हाई येत, दादा. सासू-सासऱ्यासमूर मान वर करायची न्हाई, आसंच सांगितल्यालं. पुढं ते दोघं गेले, पर मान वर करायची सवय ऱ्हायली न्हाई. कुटं जायचं तर ते म्होरं, मी मागं. बाजारला म्होरं, दवाखान्यात म्होरं. ड्युटीला निघालं की मी दारात हुबी. मला त्यांची पाठ ठावं हाय."

मागचे लोक ओरडायचे थांबले नाहीत, पण चित्रकारानं ते ऐकलं नसावं. त्यानं नवा कागद घेतला. "मग पाठच सांगा."

आणि आई बोलायला लागली. घरात वर्षभरात बोलली नव्हती एवढी. उजवा खांदा खाली, हातोड्याच्या वजनानं. नाही, इतका नाही, थोडा वर. मानेवर दोन घड्या. कान बाहेर आलेले, डावा जास्त. झेंड्या बगलेत, लाल आत, हिरवी बाहेर. डावा पाय टाकताना जरा फेकल्यासारखा. सदरा त्याच खांद्यावर, हातोडा घासून, विटलेला. ती सांगत होती आणि तो खोडत होता, काढत होता. शेवटी तिनं कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हां. हे."

रुळाच्या कडेनं एक माणूस चालला होता, आमच्याकडं पाठ करून. कान व्यंगचित्रातल्यासारखे मोठे झाले होते, पाय जरा जास्तच फेकला गेला होता. आणि ते आबा होते. मी हजार वेळा त्यांना तसं जाताना बघितलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाला सगळे आले. चित्र फ्रेम करून मूर्तीशेजारी ठेवलं होतं, हार घातला होता. लोक हात जोडायला पुढं यायचे आणि घुटमळायचे. कुजबुज झाली. माझा चुलता स्पष्ट बोलणारा. तो म्हणाला, "वहिनी, ही काय रीत झाली? मानसानं पाठ कशी काय फिरवली लोकांकडं?"

आई वाढायला निघाली होती. हातातलं पातेलं तसंच धरून तिनं चित्राकडं एकदा बघितलं.

"ड्युटीला निघालेत," ती म्हणाली. "हाक मारून बघा, थांबतात का."

चुलत्यानं हात जोडले.