मंगळवारी चार वाजेपर्यंत

उल्हास परचुऱ्यांना साता समुद्रांपलीकडच्या आमच्या ॲन आर्बर गावातल्या मराठी मंडळींत कुणी वाईट म्हणेल तर शपथ! गणपतीत खुर्च्या मांडायला पहिले, घड्या घालून ठेवायला शेवटचे. माणूस नागपूरचा, पण भिडस्त इतका की पोट फुटेस्तोवर जेवल्यावरही पानात पडलेल्या जिलबीला ‘नको’ म्हणता येत नसे. ‘भीड ही भिकेची बहीण’ असं त्यांची बायको सुनेत्रा त्यांना आयुष्यभर ऐकवत आली. ऐकतील तर ते उल्हासराव कसले.

गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत एकोणतीस वर्षं काढून ते रिटायर झाले आणि त्याच वर्षी सुनेत्राचं दुखणं निघालं. औषध होतं, पण इन्शुरन्सवाले नाही म्हणून बसले. तेव्हा धावून आल्या त्या रूथ हॅलोरन, इथून राज्याच्या विधानसभेवर निवडून गेलेल्या बाई. स्वतः तीन दिवस फोनला चिकटून बसल्या आणि औषध मंजूर करून घेतलं. सुनेत्राला चौदा महिने जास्त मिळाले. ती गेली तेव्हा बाई फ्युनरल होममध्ये शेवटपर्यंत उल्हासरावांचा हात धरून उभ्या होत्या. असले उपकार कुणी विसरतं का? उल्हासराव तर नाहीच नाही.

पुढे बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ड्रायव्हिंग कायमचं बंद केलं. उल्हासराव म्हणाले, मी आहे ना! मंगळवार ते गुरुवार, सकाळी सातला, बाईंना घेऊन राज्याच्या राजधानीला, लान्सिंगला. इस्त्रीचा शर्ट, थर्मासमध्ये कॉफी, गाडी आतून-बाहेरून चकचकीत. लोक म्हणायचे, काय हो हा माणूस, केवढी सेवा! मला विचाराल तर गरज बाईंना होती त्याहून यांना जास्त होती. बाकीचे चार दिवस घरात बोलायला भिंती होत्या फक्त.

जानेवारीतली गोष्ट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, बाई शेजारी बसलेल्या. त्यांनी सहज विचारलं, “उल्हास, सुनेत्रा कशी आहे रे?”

तीन वर्षं झाली होती तिला जाऊन. बाईंच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती की काही नव्हतं, नुसती माया होती. आणि हा माणूस म्हणाला, “बरी आहे.”

अहो, इथंच बोलायला हवं होतं! पण खरं सांगू का, ते दोन शब्द म्हणताना त्यांना फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी सुनेत्रा बरी होती.

त्यानंतर रोज काही ना काही दिसू लागलं. बाई माणसांची नावं विसरत, कोणत्या बैठकीला चाललोय ते विसरत. उल्हासरावांनी त्यावर तोडगा काढला. वाटेतलं ब्रायटन गाव येईपर्यंत दिवसभरात भेटणाऱ्या माणसांची नावं, पुढचं हॉवेल गेलं की विधानसभेतल्या बिलांचे विषय. परीक्षेला निघालेल्या मुलीची उजळणी घ्यावी तशी ते रोज उजळणी घ्यायचे, आणि बाई लान्सिंगला उतरताना ताठ मानेनं, हसत उतरायच्या. फेब्रुवारीत एकदा बाईंनी स्वतःच मांडलेल्या बिलावर मत देताना विरोधाचं लाल बटण दाबलं. शेजारच्या बाकावरच्या सदस्यानं वेळेत पाहिलं म्हणून निभावलं. परत येताना बाई वाटभर हाताच्या बोटांकडे बघत बसल्या होत्या. उल्हासराव म्हणाले, “होतं असं कधी कधी.” झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंच्या ऑफिसातल्या पोरांनाही कळत नव्हतं असं नाही, पण त्यांच्या नोकऱ्या बाईंच्या खुर्चीवर टिकून होत्या.

आता इथली एक गंमत माहीत हवी. आमच्या भागात बाईंच्या पक्षाला हरवणारा अजून जन्माला यायचाय. नोव्हेंबरची निवडणूक नुसती नावाची. जे काय व्हायचं ते ऑगस्टच्या प्रायमरीत, पक्षातल्या पक्षात. तिथं समोर कुणी उभंच राहिलं नाही तर बाई आणखी दोन वर्षं नक्की. आणि उभं राहण्याचा फॉर्म भरायची शेवटची मुदत एप्रिलातल्या मंगळवारची, दुपारी चार वाजेपर्यंत.

उभी राहायला एकच जण तयार होती. आमच्याच मराठी मंडळींतल्या गिरीश देवस्थळींची मुलगी आश्लेषा. एकतीस वर्षांची, इथंच जन्मलेली, हॉस्पिटलात नर्स, डोक्यानं तल्लख. मार्चमध्ये पक्षाच्या लोकांनी रविवारी लायब्ररीच्या तळघरात बैठक घेतली. चाळीसेक माणसं, आणि वाद काय विचारता! एक म्हणे, वीस वर्षं आपल्यासाठी राबलेल्या बाईला आपल्याच माणसांनी पाडायचं? मग शत्रू कशाला हवेत? दुसरा म्हणे, ती जागा काय बाईंना आंदण दिलीय का? विचारायचंच नाही तर निवडणूक घेता कशाला? आश्लेषा शांतपणे म्हणाली, “मला त्यांच्याविरुद्ध काहीच नाही. त्यांना जमत असेल तर मी आत्ता माघार घेते.”

तेव्हा अध्यक्षांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. “उल्हास, आठवड्यातून तीन दिवस तू त्यांच्याबरोबर असतोस. तूच सांग.”

चाळीस माना वळल्या. सगळं उल्हासरावांच्या ओठांवर आलं होतं, सुनेत्राचं, लाल बटणाचं. पण चारचौघांत त्या माउलीची लाज काढायची? आणि खोल आत, स्वतःलाही कबूल न होणारं दुसरंच काही होतं. बाईंची आमदारकी गेली तर मंगळवारी सकाळी सातला उठायचं कशासाठी?

“ठणठणीत आहेत,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा जास्त लक्षात राहतं त्यांच्या.”

लोक हसले. बैठक संपली. घरी येऊन उल्हासराव जेवले नाहीत.

देवाने त्यांना आणखी एक संधी दिली, नाही असं नाही. मुदतीच्या आधीच्या शनिवारी सकाळी आश्लेषा त्यांच्या घरी आली. त्यांनी पोहे केले. तिने बशी बाजूला सारून बॅगेतून भरलेला फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला.

“काका, त्या दिवशी सगळे होते. आज फक्त मी आहे. शी इज ओके? रिअली?”

“का गं, असं का विचारतेस?”

“मी रोज असे पेशंट बघते, काका. मागच्या महिन्यात रूथनं मला दोनदा सेम क्वेश्चन विचारला. पण ते एवढंसंच असेल. तुम्ही रोज बघता. तुम्ही सांगाल ते मी मानीन.”

उल्हासराव त्या फॉर्मकडे बघत राहिले. बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं मशीन चालू होतं. सांगून टाक, सांगून टाक, असं आतून कुणीतरी ओरडत होतं, आणि तोंडाने ते म्हणाले, “अगं, वय झालं की एवढं चालतंच. बरी आहे ती.”

आश्लेषाने लगेच मान डोलावली. जिच्या डायपरपासून हे काका ओळखीचे, तिच्या मनात शंका यावी कशी? “देन आय वोन्ट फाइल,” ती म्हणाली आणि पोहे संपवून गेली. फॉर्म टेबलावरच राहिला होता. रविवारी आणि सोमवारी उल्हासरावांनी फोन तीन-चारदा हातात घेतला आणि ठेवला.

मंगळवारी विधानसभेचं कामकाज लवकर उरकलं. सव्वाचारच्या सुमाराला ते दोघं लान्सिंगहून परत निघाले. आभाळ भरून आलं होतं, ट्रक मागून पुढून घोंघावत जात होते. बाईंनी डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“चार वाजून गेले,” त्या म्हणाल्या. “कुणी फॉर्म भरला का रे?”

“नाही,” उल्हासराव उत्साहाने म्हणाले. “तुम्ही एकट्याच. बिनविरोध!”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.

“मला वाटलं होतं, ती मुलगी भरेल.”

“तिला तुमच्याबद्दल फार आदर आहे.”

“आदर!” बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की उल्हासराव दचकले. “उल्हास, मला माझ्या तोंडानं नाही सांगता येत रे. वीस वर्षं ‘मी करते’ एवढंच म्हणत आले. प्रचार झाला असता, वादविवाद झाले असते, लोकांना दिसलं असतं, मी हरले असते आणि घरी बसले असते. रोज सकाळी घाबरत उठते मी. वाटलं होतं कुणीतरी येऊन काढून घेईल माझ्या हातून.” मग त्या त्यांच्याकडे वळल्या. “तुला तर सगळं माहीत होतं. मला वाटलं, निदान तू तरी सांगशील त्यांना.”

आपण हिची लाज राखत होतो आणि ही बाई आत एकटी बुडत हाका मारत होती, हे उल्हासरावांना आता, मुदत टळून अर्धा तास झाल्यावर कळत होतं. त्यांना मोठ्यानं रडावंसं वाटलं. “माझं चुकलं,” एवढंच ते म्हणाले. बाईंनी त्यांच्या दंडावर थोपटलं आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

हॉवेल गेलं. पावसाचे थेंब काचेवर पडू लागले. बाईंनी चष्मा घातला, घड्याळ पाहिलं, आणि हसतमुखानं, अगदी नव्यानं विचारलं, “उल्हास, मुदत संपली असेल ना आता? कुणी भरला का रे फॉर्म?”

उल्हासरावांनी समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही.

“भरला,” ते म्हणाले. “गिरीशच्या मुलीनं भरला.”

“बरं झालं बाई,” रूथ म्हणाल्या. त्यांनी सीट मागे केली आणि दोन मिनिटांत त्यांना झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांना पुन्हा न्यायचं होतं.