महालिंगअण्णांचा पुसलेला हात

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी. एका जित्याजागत्या माणसाचा हात मी पुसून टाकला होता. संगणकावर, माउस फिरवत, मोठ्या ऐटीत. तो माणूस म्हणजे आमच्या गावातल्या संग्रहालयाचे अभिरक्षक महालिंगअण्णा. काही आठवड्यांपूर्वी ते गेले, आणि तेव्हापासून तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही...

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी वाचनालयात ग्रंथपाल होते. संगणकाचा नवाकोरा कोर्स झालेला, त्यामुळे सगळ्या कोल्हापुरात अक्कल म्हणून जी काय होती ती माझ्या एकटीच्या पर्समध्ये आहे, अशी माझी खात्री. आजऱ्याकडच्या लहान शाळांना पोरं घेऊन शहरात येणं परवडत नाही, म्हणून वाचनालयानं आणि संग्रहालयानं मिळून शिक्षकांसाठी एक सीडी करायची ठरली. वस्तूचा फोटो त्यांचा, तिच्यावरचं जुन्या पुस्तकातलं पान आमचं. फोटो स्वतः अण्णा काढत. पांढऱ्या चादरीवर समई ठेवायची, पानाचा डबा ठेवायचा, आणि शेजारी स्वतःचा डावा पंजा उभा धरून उजव्या हातानं बटण दाबायचं. करंगळी वाकडी. लहानपणी उसाच्या गाडीखाली सापडलेली.

मी म्हटलं, “अण्णा, हा संग्रह वस्तूंचा आहे. तुमच्या पंजाचा नाही. मापासाठी पट्टी ठेवतात.”

“पट्टी तुमच्या पुस्तकास्नी, बाई. पोरगं आपला हात लावून बघतंय आन् म्हणतंय, आरं, एवढा व्हय डबा! मास्तरला आनि काय पायजे?”

त्यांचा आवाज म्हणजे रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखा. मला तो गावठीपणा वाटे. पुतणीच्या लग्नासाठी ते पेठ वडगावला गेले, तेव्हा मी संधी साधली. एकेक फोटो उघडला, हात पुसला, तिथं पट्टी चिकटवली आणि त्याच नावानं साठवला. जुने फोटो त्याबरोबर कायमचे गेले, हे कोर्सात शिकवलं असणार. मी तेव्हा बहुधा शेजारणीची साडी बघत होते.

सीडीचा कार्यक्रम झाला. पडद्यावर समई आली. शिक्षकांतला एकजण उठून म्हणाला, “बाई, ही सावली कुणाची?”

हात मी पुसला होता. त्याची चादरीवरची सावली तशीच राहिली होती. प्रत्येक फोटोत. मनगट नाही, माणूस नाही, नुसती पाच काळी बोटं वस्तूकडे सरकत असलेली... सभागृह हसलं. अण्णा सगळ्यांत मोठ्यानं हसले. “भूत हाय त्ये! बाईंनी हात खाल्ला, भूत तेवढं शिल्लक ठेवलं!” नवे फोटो काढू म्हटलं तर तयार होईनात. “ऱ्हाऊ दे की. आता शाळाशाळांत पोचलंय.” पुढं कधी माझ्याकडे आले की चहा सांगताना म्हणत, “एक कप भुताला.”

ते गेल्याचा फोन आला त्या दुपारी मी सीडी लावली. ती बोटं समईजवळ थांबलेली. बंद करून पुन्हा लावली, तर वाटलं जरा पुढं सरकलीत. घरी कपाशेजारी सावली दिसली आणि मी दचकले. माझीच होती. आता मी नातवंडांना भुताच्या गोष्टी सांगून घाबरवणारी बाई, पण त्या आठवड्यात दिवा लावून झोपले.

अण्णांच्या पत्नी, गौरावहिनी, यांना भेटायला गेले. भिंतीवर ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलेला. “ह्यो कोन साहेब हाय कुनाला ठावं,” त्या म्हणाल्या. “घरात एक धड फोटो न्हाय त्यांचा. सारखं दुसऱ्यांचंच काढत ऱ्हायलं. बाई, तुमच्या त्या शिडीत त्यांचा हात हाय म्हनं. तेवढा दावा मला.”

मला ‘नाही’ म्हणवलं नाही, आणि ‘पुसला’ तर मुळीच नाही.

कसबा बावड्यातल्या एका शिक्षिकेच्या शाळेत प्रोजेक्टर होता. एका रविवारी तिनं वर्ग उघडला, खिडक्या लावल्या. वाटेत रिक्षात मी सगळं सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडेना. भिंतीवर समई आली, आणि तिच्या बाजूला ती सावली, माणसाएवढी. वाकडी करंगळी स्पष्ट. वहिनी उठून भिंतीपाशी गेल्या. बाजूला उभं राहून त्यांनी त्या करंगळीवर तळवा टेकला.

मला राहवेना. मी पुढं झाले. “वहिनी, हात होता हो... मीच पुसला. माझं...”

त्यांनी मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

“बाई, सरका की जरा. तुमची सावली पडाय लागलीया त्यांच्यावर.”