पोळपाटावरचं चीज

चीजचा चांदीचा कागद सोलला की तो खारट, आंबूस वास येतो आणि मला कराडजवळच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. सैन्यातला माझा भाऊ वारून तीन महिने झाले होते आणि त्याच्या तुकडीतले दोन मित्र पहिल्यांदाच आईला भेटायला येणार होते. त्यांना आमचं घर गावंढळ वाटू नये म्हणून मी पुण्याहून चीज आणि खारी बिस्किटं आणली होती. मोबाइलवर सजवलेल्या चीजच्या ताटाचा फोटो बघत मी धुतलेल्या पोळपाटावर चीजचे त्रिकोण, बिस्किटांची गोल रांग आणि मधोमध तासगावची द्राक्षं मांडली. आईनं शेजारी गुळाची वाटी आणून ठेवली. "आई, हे असलं आता कुणी खात नाही," म्हणून मी ती फडताळात सारली. मित्र आले, पोळपाटाचं कौतुक केलं, पण हात लावेनात. शेवटी त्यांतला मेढ्याचा पोरगा संकोचून म्हणाला, "काकू, गूळ न्हाई व्हय? त्यो म्हणायचा, आमच्या घरी गेलं की आई पयला गूळ देती. तिकडं बिस्किटाव बी तुमचाच गूळ घालून खायाचा." आईनं माझ्याकडं न बघता फडताळ उघडलं आणि वाटी त्याच्यापुढं धरली. त्यानं बिस्किटावर खडा ठेवला आणि मान खाली घालून बराच वेळ चावत राहिला. त्यावरून आई मला आजवर एका शब्दानं बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.