पडद्यावरची रेष

गोळ्या चालू होत्या, तरी माझं ब्लड प्रेशर काही खाली येईना. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्याच, पण जोडीला बायोफीडबॅक करून बघा. म्हटलं, आता हे काय नवीन खूळ! मी नुकतीच रिटायर झालेले, दिल्लीतला द्वारकेचा फ्लॅट विकून पुण्याला जायचं ठरलेलं, पुढच्या आठवड्यात विक्रीच्या सह्या, घरभर खोकी. त्यात हे.

क्लिनिकमधल्या मुलीने माझ्या बोटांना पट्ट्या बांधल्या. समोर पडद्यावर एक रेष. आपण ताणलेले असलो की ती वर जाते, सैलावलो की खाली येते. ती बघत बघत स्वतःला सैल सोडायला शिकायचं, एवढंच. मंत्रालयात भल्याभल्यांना सरळ केलंय मी, ही रेष काय चीज आहे! दात-ओठ खाऊन शांत बसले. रेष वर ती वरच.

"आंटी, आप कोशिश बहुत कर रही हैं," ती हसली. आंटी म्हटलं की माझं डोकं फिरतं, पण पोरगी गोड होती. तिने श्वास सावकाश सोडायला शिकवला, खांदे ढिले करायला लावले. काही खेपांनंतर रेष जरा माणसात आली. तेव्हा ती म्हणाली, "अब किसी अच्छी जगह के बारे में सोचिए."

अच्छी जगह म्हणजे पुणंच की! आम्हा दिल्लीतल्या मराठी लोकांचं हे ठरलेलंच असतं, नोकरी इथे आणि रिटायर झालं की पुणं. त्यात विचारायचं काय? मी डोळे मिटून तिथला नवा फ्लॅट आठवला. बाल्कनी, समोर टेकडी, शेजारी सगळे आपले. डोळे उघडून बघते तर रेष पार वर!

"आंटी, मैंने अच्छी जगह बोला था!"

"मशीन खराब है आपकी," मी फणकारले. पुन्हा डोळे मिटले, आणि मन आपलं गेलं इथल्या आमच्या सेक्टरच्या बुधबाजारात. भाजीवाल्याशी माझी कोथिंबिरीवरून जुंपलेली, तो हसतोय, मी ओरडतेय. बिल्कुल मजेत! रेष निवांत खाली आली.

परतताना मेट्रोत नीट उमगलं. मला जायचंच नव्हतं. वाईट वाटलं ते यांच्यासाठी, कारण पुण्याचं वेड यांना, असं मी धरून चालले होते.

घरी हे खोक्यांना चिकटपट्टी लावत बसले होते. मी सांगून टाकलं, "अहो, मला नाही जायचं पुण्याला."

यांनी चिकटपट्टी खाली ठेवली.

"अगं, मग बोलायचंस ना! जन्मभर म्हणत आलीस, कधी एकदा सुटतेय या दिल्लीतून. मला कसली हौस? मी तुझ्यासाठी निघालो होतो."