मामांच्या वहीतले कुरव

डिलाईल रोडच्या आमच्या एका खोलीत सात माणसं राहत होती. त्यांतल्या सहा जणांना भूक लागायची. सातवे माझे मामा, त्यांना फक्त पक्षी लागायचे. मी पाचवीत असताना बाप खोकून खोकून गेला. थोरल्या दादानं शाळा सोडली आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. नाव पुकारलं तर काम, नाही तर घरी. नाव पुकारलं नाही त्या दिवशी आई पेजेत पाणी वाढवायची. अशा घरातून मी कॉलेजात जात होतो हे मी आजही मान वर करून सांगतो. आणि ते दादाच्या जिवावर, हेही सांगतो.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. कापूस पिंजण्याच्या खात्यात होते, त्यामुळे घरी यायचे ते भुवयांवर पांढरी लव घेऊन. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "फाल्गुनात मला वेळ नसतो, आणि मुहूर्त नेमके तेव्हाच निघतात." गिरणीतला एक गोरा इंजिनियर विलायतेला परत जाताना त्यांना आपला डबा कॅमेरा देऊन गेला होता. एका रोलात आठ फोटो निघत. मामा एक रोल दीड-दोन वर्षं पुरवत. चाळीत बारसं असो, साखरपुडा असो, त्यांनी माणसाचा फोटो म्हणून काढला नाही. "माणसं काय, इथंच असतात," म्हणायचे. "कुरव जातात."

कुरव म्हणजे शिवडीच्या खाडीवर थंडीत येणारे समुद्रपक्षी. हिवाळाभर त्यांची डोकी पांढरी असतात आणि फाल्गुन लागला की हळूहळू काळी होत जातात. डोकं पुरतं काळं झालं की पक्षी उत्तरेला निघाला, हे मामांचं पंचांग. या दिवसांत ते पाळीवरून सुटले की तडक शिवडीला चालत जायचे आणि आल्यावर आईला बातमी द्यायचे, "आक्का, निम्मी डोकी काळी झाली." आई म्हणायची, "माझं पांढरं होत चाललंय, त्याचं बघ."

अडचण अशी की डबा कॅमेऱ्यात लांबचा पक्षी मोहरीएवढा येतो. मामांच्या वहीत असे फोटो चिकटवलेले होते: सगळा चिखल, सगळं आभाळ आणि मध्ये चार ठिपके. शेजारचे तात्या एकदा वही नखानं खरवडायला लागले.

"काय करताय?" मामा म्हणाले.

"माशी बसून गेलेली दिसते."

"तो तुतवार आहे. तुम्हाला दिसत नाही हा फोटोचा दोष नाही."

पक्षी उडताना तरी मोठे दिसतील म्हणून मामांनी दादाला कामाला लावलं. ज्या दिवशी गेटवर नाव पुकारलं नाही त्या दिवशी दादा त्यांच्याबरोबर शिवडीला जायचा, ओहोटीच्या चिखलात गुडघाभर शिरायचा आणि सदरा काढून हवेत फिरवायचा. पक्षी उठायचे, मामा कळ दाबायचे. फोटोत दादा मोठा आणि पक्षी तेवढेच. मग मामा कात्री घेऊन दादाला काळजीपूर्वक कापून काढायचे आणि उरलेले ठिपके वहीत चिकटवायचे.

छप्पनच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्रालाच मिळावी म्हणून, शहर पेटलं. गिरण्या बंद आहेत हे दादाला ठाऊक होतं, तरी तो सवयीनं सकाळी गेटकडे गेला. नाक्यावर पोलिसांची गोळी लागून तो गेला. तो कुठल्या मोर्चात नव्हता. हे मी अभिमानानं सांगत नाही आणि लाजेनंही नाही, तसं झालं म्हणून सांगतो.

पंधरा दिवसांनी आई मला म्हणाली, "मला त्याचं तोंड आठवत नाही रे. डोळे मिटले की केस आठवतात, हात आठवतात. तोंड येत नाही. एखादा फोटो बघ कुठं मिळतो का." तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. दादाचा फोटो कुणाकडेच नव्हता.

मी मामांची वही उघडली. पानापानावर चिखल, आभाळ, ठिपके आणि कडेला माणसाच्या आकाराची भोकं. एका पानावर सदऱ्याची बाही तेवढी राहिली होती. "निगेटिव्ह?" मी विचारलं. मामा खाली बघत म्हणाले, "मागच्या ग्रहणाला पोरांना सूर्य बघायला वाटल्या. माझ्याच हातानं." मी त्यांना नाही नाही ते बोललो. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "कॅमेऱ्यात रोल आहे. गेल्या फाल्गुनातला. सहा काढून झालेत."

"मग आत्ता घेऊन चला धुवायला."

"दोन राहिलेत ना."

आई चुलीपुढून उठली. मामांनी कॅमेरा उचलला. "आक्का, गॅलरीत ये, उजेडात," ते म्हणाले. "तू पण उभा राहा तिच्याशेजारी." त्यांनी आमच्यावर सातवा फोटो घालवला, मग आठवा, आणि रोल गुंडाळून काढला. कॅमेरा हलला आणि दोन्ही फोटोंत आम्ही धुरासारखे आलो.

लालबागच्या स्टुडिओवाल्यानं रोल धुतला. सहापैकी पाच फोटोंत दादा पाठमोरा होता. सहाव्यात तो मागं वळून काहीतरी ओरडत होता. तोंड मसुराएवढं, पण तोंड.

"मोठा करून देतो," स्टुडिओवाला म्हणाला. "अंगावर कोट रंगवू. तोंड मिटवून देतो. मागचे डाग पुसून टाकतो."

"डाग पुसा," मामा म्हणाले. "कुरव आहेत, पण पुसा."

"काही पुसू नका," आई म्हणाली. "कोट त्यानं कधी घातला नाही. आणि तोंड उघडं राहू दे. काय ओरडत होता रे हा?"

मामांनी फोटो जवळ घेतला. "'मामा, थंडी वाजतेय, उरका,' म्हणत होता," ते म्हणाले. "मी म्हटलं, तू आधी बाजूला हो."

त्या फाल्गुनात मामा शिवडीला गेले नाहीत. पुढच्या वर्षापासून गेले, पण कॅमेरा घरी ठेवून. संध्याकाळी येऊन डोकी किती काळी झाली ते सांगायचे आणि आई ऐकून घ्यायची. चौथ्या वर्षी छातीनं त्यांचा घास घेतला, महाराष्ट्र राज्य व्हायच्या थोडं आधी.

मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. आणि आईला दादाचं तोंड शेवटपर्यंत आठवत होतं.